दुसरा काटा हवा

आमच्या गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि नेटवर धंद्याची जाहिरात करणाऱ्याला या चारही तऱ्हा सांभाळाव्या लागतात. मराठीत बेळगाव, त्यातही जुन्या वळणाची माणसं अजून 'गाव'वर टिंब देतात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं रोमन लिपीतलं बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरातलं बेळगावी, तेही रोमनमध्ये. आणि कन्नड लिपीतलं बेळगावी. पुण्यात स्थायिक झालेली मुलगी माहेरचा कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, मागवताना एक नाव टाइप करते, बेंगळुरूच्या कंपनीतला खरेदी अधिकारी दुसरं. शिवाय मराठीत नाव एकटं येत नाही. बेळगावचा, बेळगावात, बेळगावहून अशी प्रत्ययांची शेपटी त्याला लागतेच. आपल्याला ही सगळी एकाच गावाची नावं वाटतात. यंत्राला ती तशी वाटायची, तर कुणीतरी आधी तसं लिहून ठेवलेलं असावं लागतं.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या लहान व्यावसायिकांचे हिशेब मी लिहिते. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, दोन-चार यंत्रमागवाले, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली काही छोटी वर्कशॉपं. 'जाहिरात खर्च' या खात्यावर पूर्वी ओळखीच्या नोंदी असायच्या: पेपरातली जाहिरात, दिवाळी अंकातलं अर्धं पान, गणपतीच्या मांडवापुढची कमान, रिक्षावरचा भोंगा. आता तिथे शोधयंत्रावरच्या जाहिरातीपोटी दरमहा कार्डावरून कापलेली रक्कम असते, जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की त्याचे पैसे, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. मोठा व्यापारी तो जीएसटी वळता करून घेतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक टक्के कर भरणाऱ्या, लहान दुकानदाराला ती सोय नाही, त्याला शंभराचा क्लिक एकशे अठराला पडतो. एवढं मोजून काय मिळालं, हे विचारलं तर बहुतेक जण मोबाइलवरचा एक आलेख दाखवतात. तो आलेखही ज्याने पैसे घेतले त्यानेच काढलेला असतो.

कोणतं शोधयंत्र चांगलं, गूगल की मायक्रोसॉफ्टचं बिंग, की आता नव्याने आलेली उत्तरं देणारी एआय यंत्रं, ही चर्चा जाहिरात व्यवसायातली माणसं हिरिरीने करतात. कुठे क्लिक स्वस्त, कुठे ग्राहक पक्का, यावर आकडे मांडले जातात. मला या चर्चेत एक गोष्ट राहून जाते असं वाटतं, आणि ती ऊसपट्ट्यातल्या माणसाला चटकन कळेल.

बेळगाव जिल्ह्यात दोन डझनांहून अधिक साखर कारखाने आहेत. तोडलेला ऊस ट्रॉलीत भरून कारखान्याच्या काट्यावर जातो आणि काटा जे वजन सांगेल त्याचे पैसे मिळतात. शेतकऱ्यांची फार जुनी मागणी आहे की बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये. बाहेरच्या काट्यावर कुणी ऊस विकत घेत नाही. तिथे फक्त वजन कळतं. तरीही त्या काट्यासाठी माणसं रस्त्यावर उतरतात, कारण दुसरा काटा असला की पहिला काटा सरळ राहतो.

शोधयंत्रांच्या स्पर्धेकडे मी असं बघते. बिंगवरून उद्या शहापुरात ग्राहकांची रांग लागेल असं मी म्हणत नाही. भारतात होणाऱ्या शोधांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक गूगलवर होतात, मोबाइलवर तर जवळजवळ सगळेच. पण त्यामुळेच आपण जो भाव मोजतो तो रास्त आहे की नाही, हे ताडून बघायला आपल्याकडे काहीच उरलेलं नाही.

हा भाव ठरतो कसा, हे थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. शोधाच्या शब्दांचा लिलाव करायची कल्पना गूगलची नव्हे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम नावाच्या अमेरिकन यंत्राने ती चालवून दाखवली. त्यात एक मोकळेपणा होता: कोणता जाहिरातदार एका क्लिकला किती मोजतो, तो आकडा जाहिरातीशेजारीच छापलेला असे. आपल्या एपीएमसीत रताळ्यांचा सौदा होतो तेव्हा बोली चारचौघांत लागते, तसंच काहीसं. पुढे ही कंपनी ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने २००० मध्ये जाहिराती सुरू केल्या, २००२ पासून क्लिकमागे लिलाव आणला आणि त्यात एक चांगली भर घातली. फक्त जास्त बोली लावणारा वर जाणार नाही, जाहिरात शोधणाऱ्याच्या किती कामाची आहे तेही मोजलं जाईल. यात लहान माणसाचा फायदा होता आणि अजूनही आहे, हे मान्य केलंच पाहिजे. खानापूरच्या एखाद्या कुंभाराने नेमके शब्द निवडले, तर मुंबईच्या मोठ्या दुकानाहून कमी पैशात त्याची जाहिरात वर दिसू शकते.

पण गूगलच्या लिलावात बोली झाकली गेली ती गेलीच. शेजारचा किती मोजतो ते दिसत नाही, 'किती कामाची' हे यंत्र स्वतः ठरवतं, आणि लिलावाचे नियम आतल्या आत बदलता येतात. ही नुसती शंका नाही. अमेरिकेत २०२० मध्ये सरकारने गूगलवर खटला भरला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली आणि स्पर्धकांची भीती नसल्यामुळे शोधाच्या जाहिरातींचे दर ती वाढवू शकली. फोनवर आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच यंत्र बसवलेलं असावं, यासाठी २०२१ या एका वर्षात गूगलने भागीदार कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले, हेही त्याच खटल्यात बाहेर आलं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने गूगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, मात्र दुसऱ्याला शिरकावच मिळू नये अशा करारांना बंदी घातली आणि शोधाची काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितलं. हे सगळं वॉशिंग्टनमध्ये घडलं. पण तो वाढीव दर वडगावच्या माणसाच्या कार्डावरूनही कापला जाऊ शकतो, त्याला तो वाढीव आहे हे कळायला मार्ग नाही.

आता आमच्या भागाचं दुखणं.

माझी मावशी वडगावात राहते. तिच्या हातचा कुंदा आणि मांडे नात्यागोत्यात प्रसिद्ध आहेत. दोन वर्षांपूर्वी दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, दिवाळीच्या आधी महिनाभर शोधयंत्रावर जाहिरात लावायचं ठरवलं. एका ओळखीच्या जाहिरातवाल्याकडून ती लावून घेतली. कुठे दाखवायची, या रकान्यात 'कर्नाटक' निवडलं गेलं. शब्द होता 'कुंदा', रोमन लिपीत, आणि यंत्राने त्याचा अर्थ हवा तितका सैल घ्यावा अशी सूट दिलेली. महिन्याअखेर आठ हजार रुपये गेले. हिशेब लिहायला बसले तेव्हा मी क्लिकांची यादी उघडली. निम्म्याहून अधिक क्लिक बेंगळुरूचे, आणि शोधलेल्या शब्दांमध्ये उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूरची हॉटेलं आणि कुंदापूरला जाणाऱ्या बसगाड्या. मावशीने विचारलं, "मग चंदगडची माणसं का नाही आली?" चंदगडला जाहिरात दिसलीच नव्हती. चंदगड महाराष्ट्रात आहे.

तिचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. चंदगड, गडहिंग्लज, आजरा इथली माणसं पिढ्यान् पिढ्या लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतात. दवाखान्यासाठी, शेतीच्या अवजारांसाठी, रताळी विकायला येतात. कोल्हापूर आमच्यापासून एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू पाचशे. पण जाहिरातीच्या नकाशावर राज्य निवडलं की बाजार १९५६ च्या रेषेवर कापला जातो. इकडचा दुकानदार 'कर्नाटक' निवडून गडहिंग्लज गमावतो. तिकडचा कोल्हापूरचा प्रकाशक किंवा पुण्याचा शिकवणी वर्ग 'महाराष्ट्र' निवडून निपाणी, खानापूर, बेळगावातल्या मराठी वाचकाला वगळतो, आणि वगळलं हे त्याच्या ध्यानातही येत नाही. उपाय सोपा आहे. राज्याऐवजी गावाभोवती किलोमीटरचं वर्तुळ टाकता येतं, ती सोय गूगलवरही आहे आणि बिंगवरही. पण जाहिरात लावून देणारे बहुतेक जण पहिला दिसेल तो पर्याय निवडतात. वर्तुळ टाकलेल्या पुढच्या दिवाळीत दादाच्या वहीत चंदगड दिसलं.

यातली एक गोष्ट मात्र आपल्या हाताबाहेरची आहे. शोधणाऱ्यांनी नेमके कोणते शब्द टाइप केले, याची यादी पूर्वी बरीचशी पूर्ण मिळायची. सप्टेंबर २०२० पासून गूगलने ती आखडती घेतली. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द आता दाखवले जात नाहीत, खासगीपणाचं कारण देऊन. कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण याचा भार कुणावर पडतो ते बघा. इंग्रजीत एकच शब्द लाखो जण टाइप करतात. 'बेळगावात मांडे कुठे मिळतील' हे महिन्याला किती जण विचारणार? मराठीतले, त्यातही सीमाभागातल्या मराठीतले शोध नेमके त्या न दाखवल्या जाणाऱ्या ढिगात जातात. त्या क्लिकचे पैसे आपण भरतो आणि आपल्या माणसाने कोणते शब्द वापरले ते आपल्यालाच कळत नाही. गूगलच्या जाहिरात व्यवस्थेत हिंदी २०१४ मध्ये आली, मराठीला २०१८ उजाडलं. उशिरा का होईना दार उघडलं, पण आतला दिवा अजून मंद आहे.

मग दुसरा काटा कुठे मिळेल? नावं पुष्कळ आहेत, पण पीठ दोन-तीन गिरण्यांचंच. याहूवरचे निकाल बिंगचे असतात. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाल्यापासून याहूने स्वतःची गिरणी जवळजवळ बंदच केली. डकडकगो ही शोधयंत्राची कंपनी वापरणाऱ्याची माहिती साठवत नाही हे तिचं मोठेपण, पण तिच्यावरच्या जाहिराती मायक्रोसॉफ्टकडून येतात. इंग्रजी-मराठीच्या कामाला नेटवरच्या पानांची स्वतंत्र, मोठी सूची असलेली यंत्रं म्हणजे गूगल आणि बिंग. त्यांच्या मागून ब्रेव्हसारखी काही लहान. म्हणून 'पाच ठिकाणी जाहिरात करतो' म्हणणाऱ्याला मी विचारते, पीठ कुठल्या गिरणीचं ते बघितलंत का?

बिंग मिठाईवाल्याच्या फारशा कामाचं नाही. उद्यमबागेतल्या माणसाच्या आहे. इथे ओतकाम होतं, हायड्रॉलिकचे पंप आणि झडपा होतात, त्यातला बराच माल परदेशी जातो. तो माल शोधणारा जर्मनीतला किंवा अमेरिकेतला खरेदी अधिकारी हातातल्या फोनवर शोधत नाही, कचेरीतल्या विंडोजच्या संगणकावर शोधतो, आणि तिथे एज ब्राउझरमध्ये बिंग आधीपासून बसवलेलं असतं. लिंक्डइन २०१६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे, त्यामुळे अशा काही देशांत कोणत्या उद्योगातल्या, कोणत्या कामावरच्या माणसाला जाहिरात दिसावी हेही सांगता येतं. बोली लावणारे कमी असल्याने क्लिक सहसा स्वस्त पडतो. गूगलवरची आखलेली मोहीम तशीच उचलून तिथे नेण्याची सोयही आहे. अर्थात ती उचलताना 'कर्नाटक'सारख्या चुकाही सोबत येतात, हे आधी बघून घ्यावं. उद्यमबागेतल्या ज्या दोघांची खाती मी लिहिते, त्यांना मी महिन्याच्या जाहिरात खर्चातला दहावा हिस्सा बिंगवर टाकायला सांगितलं. एकाला चौकशा आल्या, दुसऱ्याला नाही. पण दोघांनाही पहिल्यांदाच एकाच शब्दाचे दोन भाव शेजारी शेजारी दिसले.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा कंपन्यांचा आणि सरकारांचा खेळ, त्यात आपण काय करणार. सरकारकडे मागण्यासारखं आहे, आणि ते मागायला हवं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोध निकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटींचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये नव्या अँड्रॉइड फोनवर शोधयंत्र निवडायची सोय देण्याचं गूगलने जाहीर केलं. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदाही आला. असा कायदा झाला तर त्यात एक कलम असावं असं माझं म्हणणं आहे: जाहिरातदाराने ज्या क्लिकचे पैसे भरले, त्या क्लिकमागचे शब्द त्याला माणसाची ओळख काढून का होईना, पण मिळालेच पाहिजेत, भाषा कितीही छोटी असो.

पण निवडीची पाटी समोर आली तरी माणूस दुसरं यंत्र निवडेल केव्हा? तिथे त्याला त्याच्या भाषेत काही सापडलं तर. दक्षिण कोरियाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे नेव्हर हे देशी यंत्र वर्षानुवर्षं गूगलसमोर उभं राहिलं. सुरुवातीला कोरियन भाषेत नेटवर मजकूरच थोडा होता. नेव्हरने २००२ मध्ये एक जागा उघडली, जिथे लोक प्रश्न विचारतील आणि लोकच उत्तरं लिहितील. लोकांनी लिहिलं, म्हणून शोधायला काहीतरी तयार झालं, म्हणून यंत्र टिकलं. आपल्याकडे २००६ मध्ये बेंगळुरूतून गुरुजी डॉट कॉम नावाचं भारतीय यंत्र निघालं होतं, ते काही वर्षांत बंद पडलं. यंत्र आधी आणि मजकूर नंतर, असं होत नाही.

आणि मजकुराच्या बाबतीत आम्ही सीमाभागातले मराठी लोक फार मागे आहोत, हे मला दुःखाने लिहावं लागतंय. २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. त्यावरून होणारी भांडणं, त्यामागची माणसांची घालमेल मी रोज बघते, ती खोटी नाही. पण पडद्यावर पाटी लावायला कुणाची आडकाठी नाही. तिथे शंभर टक्के मराठी लिहा, शेजारी शंभर टक्के कन्नड लिहा, जागेला मोजमाप नाही. तरी तिथे आम्ही काय ठेवतो? साडीचा फोटो आणि 'भावासाठी मेसेज करा'. फोटो आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश कोणतंच शोधयंत्र वाचू शकत नाही, किंवा नीट वाचू शकत नाही. १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय असलेलं, शंभर वर्षांहून जुनं मराठी वृत्तपत्र असलेलं हे गाव. शहापुरी साडीचा काठ कसा विणतात, संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा कशात, बेळगावी बासमतीचा वास टिकतो कसा, हे सांगणारे हजारो जण इथे आहेत. पण ज्याची ती साडी, मिरची, तो तांदूळ, त्याच्या स्वतःच्या पानावर हे सहसा सापडत नाही.

कोल्हापुरी चपलेचं बघा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींना मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे, त्यात बेळगाव आहे. अथणी, मदभावी, निपाणीचे कारागीर ती चप्पल शिवतात. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल दाखवली आणि जगभर चर्चा झाली. त्या दिवसांत 'कोल्हापुरी' हा शब्द शोधणाऱ्याला मोठी दुकानं आणि विक्रीच्या साइटी दिसणार, हे उघड होतं. त्या शब्दावर बोली लावायची ऐपत अथणीच्या कारागिराची नाही. पण 'अथणी' या शब्दावर त्याच्याशी चढाओढ करणारं फारसं कुणी नाही. अथणीची चप्पल कशी ओळखावी, कातडं कसं कमावतात, एका जोडीला किती दिवस लागतात, हे दोन पानं त्याने स्वतःच्या जागेवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलं, तर त्याला क्लिकमागे पैसे मोजायचीच गरज पडणार नाही. आणि ती पानं गूगल वाचेल, बिंग वाचेल, उद्या येणारं तिसरं यंत्रही वाचेल.

एआयमुळे हे जास्तच निकडीचं झालं आहे. ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतात निकालांच्या वरच तयार उत्तर देऊ लागलं, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीत. उत्तर वरच मिळालं की माणूस खालच्या दुव्यावर जाईलच असं नाही, म्हणजे दुकानापर्यंत पोचायचा रस्ता आणखी अरुंद झाला. ते उत्तर जे लिहिलेलं आहे त्यातूनच बनतं. आपण लिहिलं नाही, तर आपल्या कुंद्याबद्दलचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी ऐकीव माहितीतून बनेल.

मागच्या महिन्यात मावशीकडे बसून आम्ही पहिलं पान लिहिलं. दूध आणि दही किती वेळ आटवायचं, रंग कुठवर येऊ द्यायचा, मांडे पालथ्या कढईवर टाकताना हात कसा फिरतो, हे ती सांगत होती आणि मी लिहीत होते. वहिनीचं माहेर गोकाकचं, घरात ती मुलांशी कन्नडच बोलते. तिने तेच कन्नडमध्ये लिहिलं, आणि करदंटावर, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईवर, एक पान आपणहून जोडलं. दादाने गावाचं नाव चारही तऱ्हांनी घातलं आहे ना, ते तपासलं. हे पान आता दोन्ही यंत्रांना कळवलं आहे.

जाहिरात खर्चाच्या खात्यात मी या वर्षापासून दोन रकाने आखले आहेत, पहिला गूगलचा, दुसरा बिंगचा. दुसऱ्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे पाचशेच्या वर आकडा नाही, काहींच्या पुढे तर अजून काहीच नाही. महिना संपला की दोन्ही रकान्यांतला क्लिकचा भाव मी मोठ्याने वाचून दाखवते.